धुऱ्यापर्यंत जाणारा आवाज

माय, मागच्या आठवड्यात सेटवर माझा आवाज फाटला. साउंडवाल्याच्या भाषेत फाटला. तू असतीस तर म्हणाली असतीस, आत्ता कुठं पोरगी गायली. मालिकेत मी सध्या सासू आहे, भरजरी साडीतली, आणि नातवाला अंगाई म्हणायचा प्रसंग होता. एरवी असं गाणं दुसरंच कुणी गातं, मी नुसते ओठ हलवते. या वेळी हट्टच धरला, मी गाणार आणि माझ्या आईचा पाळणा गाणार. कारण तुझी गाणी सगळी पाठ असली तरी तुझा आवाज मला आठवेनासा झाला होता. कुठे रेकॉर्ड केलेलाही नाही. फार भीती वाटायची त्याची.

रिसोडकडचं ते शेत तेवढं लख्ख दिसतं. पार धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, सोयाबीन निंदणाऱ्या बायांची रांग, मध्ये तू, आणि तुझ्या तोंडून गाणं सुटलं की दोन्हीकडच्या बाया ते उचलतायत. मी शेजारच्या ओळीत खुरपं घेऊन लाजत गुणगुणते आहे. हात न थांबवता तू ओरडतेस, "नाकातल्या नाकात काय गाऊन राह्यली वं? त्या धुऱ्यावरच्या बाईले आयकू गेलं पायजे!" तरी ऐकलं नाही तर पाठीवर मातीचं ढेकूळ. माझं गाण्याचं शिक्षण एवढंच. त्याच जोरावर जयंतीच्या स्टेजवर गायले, अकोल्याच्या ऑर्केस्ट्रात गायले, मुंबईत मालिकेपर्यंत पोचले. आणि इथे पहिल्याच दिवशी सांगितलं काय, तर आवाज खाली ठेवा, माईक छातीलाच आहे. तो मी इतका इमानेइतबारे खाली ठेवला की शेजारच्यांच्या टीव्हीवर मला बघून तू काळजीने फोन केलास, "तुले तिथं जेवाले नाही देत काय? काहून इतक्या हळू बोलून राह्यली?" कौतुक राहिलं बाजूला, तुला माझ्या पोटाचीच पडली होती. त्यानंतरचं माझं काही बघायला तू राहिली नाहीस.

तर त्या दिवशी पाळण्याची दोरी धरली, डोळे मिटले आणि आवाज सोडला तो थेट धुऱ्यापर्यंत. पाळण्यातलं खरंखुरं बाळ दचकून रडायला लागलं. साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन ओढून काढले. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "ताई, बाळाला झोपवायचंय!" सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्यांदा गुमान हळू गायले. टीव्हीवर तेच दिसेल. पहिलं मात्र साउंडवाल्याच्या मागे लागून मोबाइलवर घेतलं, आणि शूटिंगला जाताना गाडीत रोज लावते.

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं आणि मला लाज वाटली असती, तेव्हा पर्समध्येच राहू दे. पण एक सांगते. परवा ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, कोण गातंय हो हे?"

मी म्हटलं, "माझी आई."