पाच सेकंदांची मुदत

बोरी अरब,
१८ डिसेंबर २००७

प्रिय मंदार,

सविनय तक्रार अशी की, तू वाचनालयाला बसवून दिलेल्या संगणकाची एन्टरची कळ झिजून काचेच्या गोटीसारखी झाली आहे. माझं बोट घसरतं. मानवजातीवर सध्या याहून मोठं संकट नाही. कापसाचं चाललंच आहे, त्याची पाहणी करायला पांढऱ्या गाड्या येतात. कळीकडे कोणी बघत नाही.

इथे विजेची लाइन दिवसातून चारदा जाते. आली की संगणक आपोआप उठतो, हे तुझं कौतुक. पण उठून दोन नावांची पाटी दाखवतो, नवी सिस्टीम की जुनी, आणि कोणी एन्टर दाबेपर्यंत बसूनच राहतो. तू पाच सेकंदांची मुदत ठेवली होतीस. मी चहा गाळून येईपर्यंत ती संपायची आणि माझं वर्तमानपत्रातलं सदर जिच्यात टाइप होतं ती जुनी राहून नवीच सुरू व्हायची. मी म्हटलं, मला विचारल्याशिवाय हलायचं नाही. तू हसलास, मुदतीच्या ओळीपुढे जाळीसारखी # खूण टाकून ती ओळ झोपवलीस. कशी उठवायची तेही कागदावर लिहून दिलंस. मी कागद घड्याळामागे खोचला आणि रविवारच्या सदरात तुला नावानिशी ‘पाच सेकंदांचा शहाणा’ केलं. वाचक हसले. तुझं पत्र तेव्हापासून नाही. दोन वर्षं झाली.

आपल्याकडे झाडझूड करणारी तांड्यावरची सोनीबाई आठवते ना? खरेदी केंद्राकडून उद्याच्या कापूसगाड्यांचे नंबर याच संगणकावर येतात. तो अडला की यादी नाही, नंबर हुकला की गाडी पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणून मी तिला गमतीत म्हटलं होतं, लाइन आली की हे मोठं बटन दाब, नाही तर अख्खं बोरी अरब बंद पडेल. ती हसली नव्हती, हे मी पाहिलंच नाही.

काल दारात उभी. “बाई, माह्या लेकीचे, वर्षाचे, दिवस भरले. उमरखेडले जा लागते. पन मी गेलो तं बटन कोन दाबीन?” म्हटलं, मी आहे ना. “तुमी तं दुपारी झोपता.” मग कळलं, लेकीकडे दोन दिवाळ्या गेली नाही, भाच्याच्या लग्नालाही नाही. काहून, विचारलं. “तुमीच तं सांगतलं, गाव बंद पडीन.”

ती कळ माझ्या बोटाने झिजली नव्हती.

आज सकाळी तुझा कागद काढला. खूण पुसली, पाचाच्या जागी शून्य घातलं. विजेचं मुख्य बटन पाडून पुन्हा चढवलं. सोनीबाई शेजारी, अंगठा हवेत. संगणक कोणालाही न विचारता सुरू झाला. ती अंगठ्याकडे बघत राहिली. “मंग आता माहं काम नाही?” मी तिची पिशवी उचलली आणि तिला दिग्रसच्या एसटीत बसवून आले. पुढे पुसदवरून जाईल.

पत्र एवढ्यासाठीच की, या रविवारच्या सदरात तुझं नाव पुन्हा येईल. या वेळी हसायला नाही. तुझं बरोबर होतं, असं सरळ लिहिलंय. हाताने लिहिलंय, कारण संगणक आता मला न विचारता नवीच सिस्टीम उघडतो, आणि माझं सदर जुनीत. वाचनालय आज मी झाडलं. सोनीबाई परत येईपर्यंत मीच झाडणार आहे.

तुझीच, तोंडाळ,
सुचित्राताई