शिफारशीच्या चार ओळी

जालना, ३ जानेवारी १९४६

चि. धर्मराजास कडूबादादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तुझी वहिनी सगुणा विचारते, सनद मिळाल्यापासून हैदराबादेत कुणी तुला इंजिनीअरसाहेब म्हणतं, का अजून धर्माच?

काम असं. ज्या मालकाच्या फिरत्या तंबूत मी अकरा वर्षं बोलपटाचा आवाज सांभाळला, तो इथं पक्कं थिएटर बांधून राह्यला. मला म्हणाला, तुझ्या कानावर भरवसा हाय, पण तुझ्याजवळ कागद न्हाई. कुण्या शिकलेल्या माणसाची शिफारस आण. मी म्हणालो, माझा सख्खा भाऊच सनदवाला हाय. तवा मालकाला जल्दी चार ओळी लिही. यंत्राचं झाकण उघडून तुला पहिल्यांदा मीच दाखवल्तं, एवढं लिहिलंस तरी बस.

वाट पाहणारा,
कडूबा

हैदराबाद, ११ जानेवारी

तीर्थरूप दादांस धर्मराजचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले त्याच दिवशी मालकांना उर्दूत सविस्तर लिहिले. बिलकुल काळजी करू नका. तुमच्याविषयी जे खरे, तेच लिहिले आहे. वहिनींना सांगा, साहेब कोणी म्हणत नाही. नोकरीच अजून नाही.

माया अशीच राहू द्या.
आपला धर्मराज

जालना, २ एप्रिल

तीर्थरूप दादांस नमस्कार.

मी थिएटरात रुजू झालो तेव्हा तुम्ही भेटाल असे वाटले होते. तुम्ही दुसऱ्याच तंबूबरोबर अंबडला निघून गेलात. घरी गेलो, तर वहिनींनी दारातच पाणी दिले. आत या म्हणाल्या नाहीत.

दादा, खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला की आवाज घोगरा होतो, शब्द कळेनासे होतात. लोक शिट्ट्या मारतात. पुस्तकाप्रमाणे सगळे तपासले. मालक म्हणतात, कडूबाला विचार. राग असेल तर नंतर बोला, आधी उपाय कळवा.

आपला धर्मराज

अंबड, ८ एप्रिल

धर्मराजास,

तुझं ते शिफारशीचं उर्दू पत्र मालकानं मुन्शीकडून मला वाचून दाखवल्तं. हातानं शिकलेली माणसं तंबूत चालतात, पक्क्या थिएटरात विजेशी खेळ होईल, असं तू लिहिलंस. आणि खाली, मी स्वतः हजर होऊ शकतो. मी मुन्शीला दोनदा वाचायला लावलं. त्याला वाटलं, मला ऐकू आलं न्हाई.

मालक म्हणाला, महिनाभर थांब, नव्या माणसाला यंत्र समजावून दे. माझ्याच्यानं झालं न्हाई. मी निघालो.

आता यंत्राचं. ते तापलं की वरच्या दातेरी चाकातलं तेल आवाजाच्या भिंगावर उतरतं. खेळाआधी चाकाच्या डब्याखाली चिंधी गुंडाळ, आणि मध्यंतरात भिंग मलमलीनं पूस. पाण्यानं न्हाई, कोरड्या मलमलीनं. आवाज बराबर मोकळा होईल.

हे तुझ्यासाठी सांगितलं न्हाई. लोक लांबून ऐकायला येतात, त्यांचा काय गुन्हा?

पुन्हा काही अडलं तर विचार, उत्तर देईन. पण मंग नुसतं कडूबा म्हणून लिही, दादा न्हाई.

कडूबा, ऑपरेटर