मैनाच्या गाऊनचा टॉप

मंगळवार, दिवेलागण

आधी आली ती नात पिंकी, चपलांसकट थेट मशीनपाशी. जीव हरखला माझा. मागून जावई आन् त्यांची नवी बायको सुमन. मुरुम गावची हाय, दारातच थांबली होती. चांगली वाटली, उगं कशाला खोटं लिहू.

माझी लेक मैना गेली. तिचा बनियनच्या कापडाचा निळा गाऊन मोडून पिंकीला टॉप शिवतेय. लई द्वाड कापड, सुईखालनं पळतंय. गळा झालरीवानी झाला. वर म्या वितीनं मापलं, तवा ते ताणलं गेलं आन् टॉप तंग बेतला. आज घालून बघितला तर पिंकीच्या दंडातच अडकला. आता मैनाचं कापड आणू कुठून? ती सैपाकात हात पुसायची तिथं हळदीचा डाग हाय, तो म्या मुद्दाम पुढं घेतलाय.

सुमन हळूच म्हणाली, "आई, ओढू नका. खाली पेपर धरून शिवा. बगलंत माझ्या जुन्या गाऊनची पट्टी लावू का?"

मैनाच्या कापडाला हिचं कापड?

तर पिंकी तिला म्हणती, "आई, लाव की."

पोरीनं आई म्हणलं तिला. बरंच झालं की. म्या कात्री हुडकत बसले, ती मांडीवरच होती.

जाताना सुमनची ओटी भरली. आता बसून दोन्ही बगला उसवून ठेवल्या. डागाला हात लावला न्हाय.

गुरुवारी पट्टी घेऊन येतो म्हणाले.