घरगाडीतला लाल त्रिकोण

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा गाड्यांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव नाही, भीती आहे. भीतीने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना दोनदा विचारून घेतले आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. गॅरेज धाकट्या भावाला. अकरा वर्षांपूर्वी त्याने सतरा नंबरचा पाना नेला आणि "परवा देतो" म्हणाला. तो पानाही आता त्याचाच.

२. मिनीबसच्या सीटा काढून मी व माझ्या पत्नीने बांधलेली घरगाडी, दोन पलंग, शेगडी व सिंकसह, लेक आणि जावयाला मिळावी. त्यांना ती घेऊन वर्षभर फिरायचे आहे. पुढील सामान आत असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

जॅक, आणि तो मऊ मातीत रुतू नये म्हणून खाली ठेवायची जाड फळी. चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, चारही. लांब दांड्याचा व्हील पाना. जावयाचे मनगट कीबोर्डवर पोसलेले आहे, आखूड दांड्याने त्याला नट सुटायचा नाही. हवा मोजायचे मीटर, फ्यूज, इंजिनचा जादा पट्टा, रेडिएटरचा रबरी पाइप, क्लॅम्प, चिकटपट्टी, तार. इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये, खाली काहीही पडलेले असो.

आणि गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण. तो दाराजवळ, हाताला लागेल असा ठेवावा.

३. हे कलम फक्त लेकीसाठी. तुझी आई अपघातात गेली तेव्हा ती घाटातल्या वळणावर देखावा बघायला उभी होती, असे मी तुला सांगितले. ते खोटे आहे. निघताना घडीच्या खुर्च्यांना जागा होईना, म्हणून मी त्रिकोण गॅरेजमध्येच काढून ठेवला होता. भर दुपारी वळणापाशी टायर बसला. ती म्हणाली, "अहो, मागून येणाऱ्याला आपण दिसणार कसे? त्रिकोण कुठंय?"

मी मान वर न करता म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे. तू जरा मागे जाऊन उभी राहा ना."

मागच्या गाड्यांना हलवून दाखवायला ती टॉवेल घेऊन गेली. मला फक्त ब्रेकचा आवाज आला.

तेव्हापासून तुझा फोन वाजला की मी आधी "कुठं आहेस?" विचारतो. तू गाडी मागितलीस तेव्हा मी लगेच हो म्हणालो, आणि तू गेल्यावर इंधनपंपाचा रिले काढून घेतला; एवढासा पार्ट, पण त्याच्याशिवाय गाडी सुरू होत नाही. दोन महिने तू विचारतेस, "बाबा, पार्ट आला का हो?" आणि मी दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो. पार्ट माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

४. माझ्या पश्चात रिले लेकीला द्यावा, असे इथे लिहायला बसलो होतो. लिहवेना. मी मरेपर्यंत तू ताटकळत बसायचे, हा कसला वारसा? सबब हे एक कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की रिले बसवीन आणि तुला बोलावून हा कागद वाचून दाखवीन. त्यानंतर तू माझ्याशी बोलशील की न बोलता गाडी काढशील, ते तुझ्यावर. मी फाटक उघडून ठेवतो.

सही वेडीवाकडी आली तरी ती माझीच समजावी.

सही: लेकीचे बाबा

साक्षीदार: १. शेजारचा, गाड्यांचे पत्रे ठोकणारा मिस्त्री. २. डॉक्टरीणबाई (मजकूर लिहिणारा शुद्धीवर आहे, रडतो आहे, पण शुद्धीवर आहे).

ठिकाण: गॅरेजमागची खोली. तारीख चौदा, शनिवार, सकाळचे दहा.