खोकल्यासकट

मंगळवार, १४ ऑक्टोबर, स्टेट कॉलेज

प्रबंधासाठी मी व्हिक्टोरियन काळातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाची पत्रे संपादित करते आहे. आज मार्गदर्शक म्हणाले, "मुलीचा खोकला वगळ. फक्त विज्ञान ठेव." पण तो खोकलाच तर... नीट मांडते. मुलगी खोकत होती, म्हणून बाप तिच्या उशाशी बसला, म्हणून निबंध उशिरा छापला गेला आणि शोधाचे श्रेय त्याच्या मित्राला मिळाले. खोकला काढला, तर हा माणूस नुसता आळशी ठरतो!

रूममेट तन्वी हसली. "यार, सर स्वतः सर्दी झाली की मीटिंग कॅन्सल करतात!"

मी हट्टी आहे का? असेन. उद्या प्रकरण खोकल्यासकटच देणार. पदवी लांबली, तर लांबू दे. त्याच्यासारखा मलाही उशीर होईल. पण कारण पानावर असेल.