चॅपलच्या वळणावरचा हॉर्न

प्रॉव्हिडन्स, अमेरिका
२ मे १९८६

ती. एर्सिलियामावशीस,
लोरेट्टाचा सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, येतेस कधी? मग ऐक, जूनमध्ये येते! नेपल्सचं तिकीट काढलं. आयुष्यभर तुला फोटोतच पाहत आले. आता आईच्या सख्ख्या बहिणीच्या हातचं जेवल्याशिवाय परतणार नाही.

पण मावशी, तुमच्या डोंगरावरची बस बंद झाली, तुझे गुडघे तुला खाली उतरू देत नाहीत, म्हणजे गाडी भाड्याने घेऊन मीच वर यायला हवं. माझी इथली गाडी गिअर आपले आपण बदलते. तुमच्याकडे ते हाताने टाकायचे, तेही दरीच्या कडेने! शेजारच्या डोनाल्डच्या जुन्या गाडीवर चर्चच्या आवारात शिकते आहे. गाडी बेडकासारखी उड्या मारते. मला न्यायला कुणी येईल का गं?

तुझी भित्री भाची,
लोरेट्टा

मोंतेसेको
१६ मे १९८६

चि. लोरेट्टास,
अ. उ. आ.

कुणी येणार नाही. आमचे पाद्री तयार आहेत, पण ते गाडी चालवतात तेव्हा शेजारी बसणाऱ्यालाच जास्त प्रार्थना करावी लागते. तुझी आई एकटी बोटीत बसून समुद्र ओलांडून गेली आणि तुला एक डोंगर चढवत नाही? शोभतं का तुला!

नीट वाच. समोरचं दिसत नसेल अशा प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचा. इथे त्याचा कुणाला राग येत नाही. मी येतेय, एवढंच त्यातून सांगायचं असतं. गावाआधी चॅपलचं वळण लागेल, तिथे लांबलचक हॉर्न दे. तो ऐकला की मी कव्हातेल्ली उकळत्या पाण्यात सोडेन. आधी करून ठेवलेला पास्ता मी पाहुण्यांना वाढत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

नेपल्स
२० जून १९८६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उद्या विमान आहे, पण पाय अजून क्लचवरच आहे असं वाटतं! मी गाडी चालवली, मावशी! नेपल्समधून निघताना रडकुंडीला आले होते. पण डोंगर लागले, दोन्ही बाजूंना पिवळी फुलं फुललेली, आणि गिअर मुकाट्याने पडायला लागले तशी मी मोठमोठ्याने गायलाच लागले.

तुझ्याकडे आल्यावर बोलण्याच्या भरात एक सांगायचं राहून गेलं. आमच्याकडे हॉर्न देणं म्हणजे शिवी देणं. चॅपलपाशी माझा हात काही उठेना. मागून भाजीचा ट्रक आला आणि त्याने लांबलचक हॉर्न दिला. मला वाटलं, माझ्यावरच खेकसतोय. गाडी कडेला घेऊन, खाली उतरून मी त्याची हात जोडून माफी मागितली. तो बिचारा गोंधळून मला पीच देऊन गेला. मग चढावर गाडी सुरू होईना. बंद पडायची, मागे घसरायची. शेवटी चिडून मीच जोरात हॉर्न दाबला आणि तुझ्या दारी आले.

काल इथल्या खानावळीत कव्हातेल्ली दाताला लागली, म्हणून कच्ची आहे सांगून मी परत पाठवली. वेटर छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, इथे ती अशी दाताला लागेल इतपतच शिजवतात. तुझ्याकडचा तो मऊ लगदा! तुम्ही तसाच खाता, असं मला वाटलं होतं. ट्रकच्या हॉर्नवरच पास्ता पाण्यात सोडला होतास ना? बोलली का नाहीस?

तुझा लोभ मिळाला, आता त्याची सवय होऊ दे.
लोरेट्टा

मोंतेसेको
९ जुलै १९८६

चि. लोरेट्टास,
अ. उ. आ.

समजलं एकदाचं! त्या वेटरला माझ्या वतीने सांत्वनाचं पत्र लिही.

हो, पहिल्या हॉर्नलाच मी पास्ता सोडला आणि दारात जाऊन उभी राहिले. तू काही येईना. मग दुसरा हॉर्न वाजला, तू गाडीतून उतरलीस, आणि चाल थेट तुझ्या आईची! चुलीवर काही आहे याचंच भान उरलं नाही. असा लगदा माझ्या हातून जन्मात झाला नव्हता. तू मात्र पुन्हा मागून खाल्लास, मग बोलू कशाला?

आता पंचाईत अशी झाली आहे की तो भाजीवाला नेमाने येतो. चॅपलपाशी हॉर्न वाजला की माझा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जातो. काल तर कव्हातेल्ली पाण्यात सोडलीसुद्धा, दोघींपुरती. एकटीने खाल्ली. लवकर ये गं.

तुझी,
मावशी