पिंपातली नीळ गप्प आहे

९ जानेवारी
मला रंगकाम शिकवणाऱ्या साचिको-सान पहाटेच्या विमानाने जपानला गेल्या. त्यांच्या आईचे खुब्याचे हाड मोडले आहे. महिनाअखेरीपर्यंत परतणार नाहीत. जाताना पिंपाच्या झाकणावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाल्या, "आता ही तुझी." इंग्रजीत नकार जुळवायला मला वेळ लागतो. वाक्य तयार झाले तेव्हा टॅक्सी फाटकाबाहेर पडली होती.

ही, म्हणजे नीळ. त्यांच्या पद्धतीने पाने, राख आणि गव्हाचा कोंडा घालून आंबवलेली. जिवंत असते. रोज एकदा ढवळायचे, वास घ्यायचा, फेस पाहायचा. बस, एवढेच. (एवढेच?)

१० जाने.
कपाटातला तागा उघडून पाहिला आणि पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवला. हात स्वच्छ असूनही दोनदा धुतले.

इथे आखातातच, खोर फक्कानच्या बागेतल्या तुतीवर वाढवलेल्या किड्यांचे हे पहिले रेशीम. त्यातून एकच तागा निघाला, तोही इथल्याच मागावर विणलेला. सप्टेंबरपासून सा.-सान आणि मी त्यावर दोऱ्याने बारीक गाठी बांधत आहोत. रंगवल्यावर गाठीखालची जागा पांढरी राहते. गाठी बांधून झाल्या, राहिला आहे तो रंग.

२३ तारखेला अल रीम बेटावर प्रदर्शन. स्टुडिओच्या मालकीण नसीमाआपांना त्यांच्या यजमानांनी स्पष्ट सांगितले आहे, की या वेळीही काही विकले गेले नाही तर खलिफा सिटीतल्या या व्हिलाचा खालचा मजला भाड्याने द्यायचा. मग स्टुडिओ खलास. आणि माझा व्हिसा

पुढचे लिहीत नाही.

१२ जाने.
फेस कमी. कालच्यापेक्षा निश्चित कमी. मधोमध जो निळा-जांभळा फुगवटा जमतो, ज्याला सा.-सान 'फूल' म्हणतात, तो आज बशीएवढाही नव्हता.

आपांची झोया शाळेतून आली आणि दारातूनच ओरडली, "मम्मा, इट स्टिंक्स!" आपा म्हणाल्या, "स्टिंक करतंय म्हणजे जितं हाय. गप जेव." मला हसू आले, पण झाकण पुन्हा एकदा उघडून पाहिले.

१३ जाने.
फूल नाही.

जपानात अशा पिंपाला अधूनमधून तांदळाची दारू पाजतात. सा.-सान यांनी हे सुरुवातीलाच आपांना सांगितले होते. आपा रत्नागिरीच्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या. "माझ्या घरात ती बाटली नाय येणार. पिंपाला पण नाय पाजायची." दोघी हसल्या होत्या आणि दारूऐवजी कोंडा घालायचे ठरून विषय मिटला होता.

मग आता काय घालावे? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचलेले आठवते, आपल्याकडे निळीच्या हौदात गूळ घालत. आईने पाठवलेली ढेप आहे. चार बोटांएवढा खडा कोमट पाण्यात विरघळवून घातला.

सा.-सान यांना विचारायला हवे होते. पण त्या रुग्णालयात आहेत.

१४ जाने.
किंचित बुडबुडे! अजून एक खडा घातला, कालच्यापेक्षा मोठा. आई फोनवर म्हणाली, "आवाज का असा येतोय तुझा? जेवतेस ना वेळेवर?" मी म्हटले, जेवते.

१६ जाने.
झाकण उघडले आणि मागे सरले. आंबिलीचा वास. आंबट, तिखट, चुकीचा. पृष्ठभाग राखाडी, मेलेला.

त्याच रेशमाच्या तळहाताएवढ्या चिंध्या मागावरून उरल्या होत्या, चाचणीसाठी ठेवलेल्या. एक बुडवली. वर काढल्यावर हिरवी दिसायला हवी आणि हवेत निळी व्हायला हवी. मळकट निघाली. नळाखाली धरली तर होता तेवढा रंगही वाहून गेला.

मोरीच्या कडेला बसून राहिले. वरून विमाने जात होती. प्रत्येक विमानात मीच बसले आहे, बॅग घेऊन, घरी काय सांगायचे याची जुळवाजुळव करत.

१७ जाने.
आपांना सांगितले. न सांगता राहता आले असते तर राहिले असते.

"गूळ? पिंपाला?" त्यांना हसू फुटले. "पुरणपोळ्या करायच्या होत्या काय गो?"

मी रडले. मग त्या हसायच्या थांबल्या. स्टूल ओढून बसल्या आणि हळू म्हणाल्या, "हे बघ, मी रागवत नाय. पण माझ्याकडे दुसरा तागा नाय. तुला ठाव हाय ना?"

ठाऊक आहे. ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते.

मीच धीर करून बोलले: इचलकरंजीतले रंगारी सगळे हायड्रो नावाचे रसायन वापरतात. चमचाभर पावडर टाकली की मेलेली नीळही घटकाभरात रंग देते. बर दुबईच्या बाजारात सहज मिळेल, कोणाला कळणारही नाही.

आपा उठून उभ्या राहिल्या. "दारू नाय येऊ दिली, आन ती घाण येऊ देऊ? गिऱ्हाइकांना मी या तोंडाने सांगितलंय, केमिकल नाय म्हणून. तू शिकलेली पोर हायस, काय बोलतेस?"

कान तापले. पण खरे सांगायचे तर मी अजूनही मनात हायड्रोचाच विचार करत आहे.

१८ जाने.
सा.-सान यांना फोन केला. आपा शेजारी बसून राहिल्या, मला उठू दिले नाही.

मी सगळे सांगितले. व्याकरण सांभाळत, चुकत. त्यांनी मधे न थांबवता ऐकून घेतले. मग विचारले, "पिंपाला हात लावलास का? बाहेरून?"

लावला नव्हता.

"लाव."

गार होते. मोरीशेजारच्या त्या खोलीची खिडकी मी दिवसरात्र उघडी ठेवते, वासासाठी, झोया ओरडते म्हणून. जानेवारीची हवा थेट पिंपावर. नीळ उपाशी नव्हतीच. तिला थंडी वाजत होती. आखातात थंडीचा विचार कोणाच्या मनात येतो? मूल गप्प बसले की आमच्या घरात आधी ताट पुढे येते. मीही तेच केले.

सा.-सान: "उबदार ठेव. आंबटपणा मारायला शिंपल्यांचा चुना घाल. थोडा. खूप थोडा. रेशमाला चुना सोसत नाही."

किती थोडा, असे मी विचारले.

"वास फोनवरून येत नाही," त्या म्हणाल्या. "जिभेवर एक थेंब ठेव. तू सांग मला."

ठेवला. आंबट, आणि मागून कडू. इंग्रजीत सांगता आले नाही. सांगता आले असते तरी त्यांना तिथून काय कळणार होते?

आपांनी वरून जाड ब्लँकेट आणले, वाघाचे चित्र असलेले, गावी जाणारा प्रत्येक जण नेतो तसले. पिंपाला गुंडाळले. "माझ्या सासूसाठी घेतलेलं," म्हणाल्या. "यल्ला, चल, आता हिलाच पांघरूण." आत गरम पाण्याच्या बाटल्या. खिडकी बंद.

२० जाने.
चुना चिमटीने. ढवळणे. थांबणे. चाखणे. जीभ खरखरीत झाली आहे, चहाची चव कळत नाही.

दुपारी दुसरी चिंधी. बाहेर आली ती हिरवी! स्वच्छ हिरवी, आणि डोळ्यांदेखत निळी झाली. मी आपांना हाक मारली. चक्क ओरडून. मी कधी ओरडले होते, आठवत नाही.

धुऊन वाळवली. हातात घेतली आणि बोटे थबकली. रेशीम राहिलेच नव्हते. कागद. चुरगाळली तर घडीवर तंतू तुटले.

चुना जास्त झाला.

आपांनी चिंधी गालाला लावून पाहिली. ती परत माझ्या हातात ठेवली. वर निघून गेल्या.

२१ जाने.
पिंपात कोमट पाणी आणि मूठभर कोंडा. तीव्रता कमी व्हावी म्हणून. संध्याकाळी शेवटची चिंधी बुडवली. रंग फिका, स्पर्श बरा. बरा म्हणजे पूर्वीसारखा नाही, पण तुटत नाही. की मला तसे वाटावे असे मला वाटते? आपांच्या बोटांना मऊ लागली, माझ्या बोटांना नाही. झोयाला विचारले तर ती म्हणाली, "इट्स ओके, आय गेस."

आता चिंधी उरली नाही.

उद्याच रंगवायला हवे. वाळवायला, गाठी सोडायला एक दिवस लागतोच. सा.-सान यांना निरोप पाठवला: काय करू? उत्तर आले: "इथून मी काहीही सांगितले तर ते खोटे असेल. तुझा हात तिथे आहे."

परीक्षेत मला कधी भीती वाटली नाही. तिथे उत्तर आधीच कुठेतरी छापलेले असायचे.

२२ जाने.
सकाळी फूल होते. लहान, कडेला सरकलेले, पण होते. जिभेवर आंबट नाही. कडू आहे. जास्त कडू की हवे तेवढे, ते कळले नाही.

आपांनी हात-तोंड धुऊन वजू केली, नमाज पढली आणि मग बाह्या सारल्या. "बिस्मिल्ला म्हण, नायतर तुझ्या देवाचं नाव घे, पण आता हात घाल." मी कोणाचेच नाव घेतले नाही. मीही बाह्या सारल्या.

तागा भिजवून, पिळून, आम्ही दोघींनी दोन टोके धरून तो आत सोडला. कोपरापर्यंत हात त्या उबेत. गाठी बोटांखालून जात होत्या, एकेक.

वर काढला. हिरवा. आता दोरीवर आहे आणि कडांकडून निळा होत आहे. फिका निळा, पहाटेच्या आकाशासारखा. सुंदर आहे का, मला ठरवता येत नाही. गाठींच्या आतले कापड कसे आहे ते गाठी सोडल्यावरच दिसेल. वरचा पोत ओल्या हाताला कळत नाही.

आणखी एकदा बुडवला तर रंग भरेल. आणखी एकदा बुडवला तर चुना आणखी आत जाईल.

आपा दोरीपलीकडे उभ्या आहेत, हात पुसत नाहीत, निळे तसेच ठेवले आहेत. मी ही वही काढली म्हणून क्षणभर थांबल्या, आता पुन्हा विचारत आहेत:

"बोल गो. परत बुडवायचा, का नाय?"

त्या आज्ञा करत नाहीत. खरोखर विचारत आहेत. या घरात आल्यापासून कोणी मला असे विचारलेले नाही, आणि मला आता वही मिटून त्या ओल्या कापडाला हात लावायचा आहे.